खुडूक बसली, पण अंडी कधीची?

दिवाळी सरली की मला दोन-चार फोन हमखास येतात. कुणी फुलंब्रीकडचा जुना शेतकरी, कुणी पैठण रोडला नवा प्लॉट घेऊन हौसेनं पाच कोंबड्या पाळलेला. प्रश्न एकच : "कोंबडी खुडूक बसलीय, खाली किती अंडी ठेवू?" मी उलट विचारतो, "अंडी कधीची आहेत?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "असतील की आठ-पंधरा दिवसांची. फ्रिजमध्येच आहेत."

निम्मी पिल्लं तिथेच गेलेली असतात.

गावरान कोंबडीला अंडी उबवायला शिकवावं लागत नाही. त्या २१ दिवसांत ती क्वचितच चुकते. नुकसान होतं ते ती बसायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत आणि पिल्लं निघाल्यानंतरच्या महिन्यात, आणि हे दोन्ही काळ पूर्णपणे आपल्या हातातले. आपण मात्र उलटंच करतो. अंडी गोळा करताना बेफिकीर राहतो, पिल्लं निघाली की मोकळी सोडून देतो आणि मधल्या दिवसांत ऊठसूट कोंबडीखाली हात घालतो.

आधी हिशेब समजून घ्या. गावरान कोंबडी एका फेरीत १२ ते १८ अंडी देते आणि मग खुडूक होते. रोज एक देईलच असं नाही, मधे खाडे पडतात. म्हणजे ती बसेपर्यंत तिचं पहिलं अंडं तीन आठवड्यांचं झालेलं असतं. सात दिवसांच्या आतलं अंडं उत्तम, दहाव्या दिवसापर्यंत चालवून घ्यावं, त्यापुढचं सरळ तव्यावर. म्हणून तिचीच सगळी अंडी तिच्याखाली ठेवण्याचा आग्रह सोडा. घरात चार-पाच कोंबड्या असतील तर सगळ्यांची शेवटच्या आठवड्याची अंडी एकत्र करा. त्यासाठी एकच सवय लागते : अंडं उचललं की पेन्सिलीनं त्यावर तारीख टाकायची. पेनची शाई नको, स्केचपेन तर नकोच. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यातूनच श्वास घेतो.

याच कारणानं अंडी धुवू नका. कवचावर जन्मतःच एक पातळ संरक्षक थर असतो. धुताना तो जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते. फार बरबटलेलं अंडं बाजूलाच ठेवा, थोडी माती असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. तडा डोळ्यांना दिसत नसेल तर दोन अंडी एकमेकांवर अगदी हलकेच वाजवून बघा. धड अंडं टणक वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. चार-सहा वेळा कानानं ऐकलं की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

साठवणीची गोष्ट मराठवाड्यात सगळ्यात नाजूक. कोंबडी बसली की अंड्याला साधारण साडेसदतीस अंशांची ऊब मिळते, पण जीव वाढायला सुरुवात होते ती २०-२१ अंशांच्या पुढेच, अगदी सावकाश. मार्चअखेर आपल्या घरातलं तापमान दुपारी तिशीच्या वर असतं. तिथे टोपलीत ठेवलेलं अंडं धड वाढतही नाही आणि थांबतही नाही, अर्धवट वाढून मरतं. फ्रिजचा त्रास वेगळा. तिथली चार-पाच अंशांची थंडी जास्त होते आणि बाहेर काढलं की अंड्याला घाम फुटतो. मग ठेवायचं कुठे? माझ्या आजीची जागा माठाच्या तिवईखाली होती. मातीच्या पसरट भांड्यात वाळू, वाळूवर रोज दोन ओंजळी पाणी, वर कोरडं सुती फडकं आणि त्यात अंडी, निमुळतं टोक खाली करून. वाळू ओली, अंडं कोरडं. तिला अंशांचं गणित ठाऊक नव्हतं. "माठाखाली गार असतं" एवढं माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं.

बाजारातल्या अंड्यांबद्दल एकदाच सांगतो. लेअर फार्मच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, कारण तिथे कोंबडाच नसतो. तपकिरी दिसली म्हणून ती गावरान होत नाहीत, तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर कोंबड्याही असतात. ओळखीच्या घरची आणि कोंबडा असलेल्या खुराड्यातलीच अंडी घ्या. आठ-दहा कोंबड्यांना एक धडधाकट कोंबडा पुरतो. नवा कोंबडा आणला असेल तर आठवडाभर थांबून मग अंडी धरा. तोच कोंबडा चार-चार वर्षं ठेवू नका, त्याच्या लेकी त्याच्याच खाली येतात आणि पिल्लं अशक्त निघतात. शेजारच्या गावातल्या कुणाशी कोंबड्याची अदलाबदल करा, पैसाही लागत नाही.

लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि तितक्याच वेळा खोटं ठरलेलं पाहिलंय. नर की मादी हे अंड्यावर कवच चढण्याच्या आधीच ठरलेलं असतं. फार लांबट, फार लहान किंवा खडबडीत कवचाची अंडी टाळायची ती वेगळ्या कारणानं : त्यांतून पिल्लू धड निघत नाही.

आता कोंबडी. खुडूक झालेली ओळखायला वेळ लागत नाही. आवाज बदलतो, घरटं सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते आणि चोच मारते, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते. तरी लगेच चांगली अंडी देऊ नका. एखादं शिळं अंडं खाली ठेवून दोन रात्री पाहा. दोन्ही रात्री टिकली, तर तिसऱ्या संध्याकाळी खरी अंडी. काही कोंबड्या एक दिवसाची नाटकं करतात. वनराजा, गिरिराज या सुधारित जातींवर या कामासाठी विसंबू नका. अंडी जास्त मिळावीत म्हणून निवडलेल्या जातींत बसण्याचा गुण मागे पडतो. कडकनाथही बसायला कच्ची, तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवायची. असील मात्र आई म्हणून जबरदस्त. अंगानं जड असल्यानं कधी एखादं अंडं फोडते, पण पिल्लांसाठी मांजराच्या तोंडावर जाते.

पहिल्यांदाच बसणारी तलंग असेल तर सात-आठ अंडी पुरे. सव्वा-दीड किलोच्या जुन्या कोंबडीला दहा ते बारा. थंडीत एखाद-दोन कमीच ठेवा. जी अंडी पंखाबाहेर डोकावतात ती गार होतात, आणि कोंबडी रोज अंड्यांची जागा बदलत असल्यानं आज एक गारठतं, उद्या दुसरं. दोन अंड्यांच्या हावेपायी सगळीच बिघडतात. अंडी विषम आकड्यात, ११ किंवा १३ ठेवायची असं जुनी माणसं सांगतात. ठेवायची तर ठेवा, बिघडत काही नाही.

हंगाम दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. आपल्याकडे थंडीत पिल्लाला आईची ऊब मिळते, डास कमी असतात आणि सुगीमुळे रानात, खळ्यावर दाणा सांडलेला असतो. पावसाळ्यात डासांमुळे देवीचा रोग पसरतो, ओलीनं पिल्लं आखडतात. वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवण्याची रीत आमच्याकडे आहे. खिळा राहू द्या, पण टोपलीतला भुसा ओला नाही ना, तेही बघा. पावसाळ्यातली अंडी कडकडाटानं नाही, ओलीनं नासतात. एप्रिल-मे तर टाळाच. पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखाली बसलेली कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते आणि शेवटी अंडी सोडून उठते.

बसवण्याची जागा अंधारी, शांत आणि गार हवी. जुन्या माळवदी घरात भिंतीतल्या देवळ्या यासाठीच असल्यासारख्या होत्या. जाड मातीच्या भिंतीत ना उन्हाची झळ, ना थंडीचा कडाका. आता पत्र्याची शेडं आली. तिथे फुटक्या माठाचं किंवा रांजणाचं बूड कामाला येतं. तळाला चार बोटं वाळू-माती, ती मधे किंचित खोलगट करायची, वर गव्हाचा भुसा किंवा वाळलेलं गवत. खोलगटपणामुळे अंडी मधे गोळा होतात, कडेला घरंगळत नाहीत. भुशात कडुलिंबाचा वाळका पाला मिसळा. दौलताबादच्या बाजूला सीताफळं उदंड, तिथले लोक सीताफळाचा पालाही घालतात, उवा-पिसवा लांब राहतात. हे किरकोळ वाटेल, पण रक्त पिणारे किडे अंगावर चढले की कितीही चांगली कोंबडी पंधराव्या-सोळाव्या दिवशी उठून जाते. बसवण्याआधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं फुंकून बघा. किडे दिसले तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग अंडी. जवळच एका घमेल्यात चुलीची राख आणि माती ठेवा, ती उठेल तेव्हा त्यात लोळेल.

माझी स्वतःची मोठी चूक मुंग्यांची. एका हिवाळ्यात अंडी ताजी, कोंबडी जुनी, सगळं मनासारखं. टोपली भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली होती. विसाव्या रात्री अंड्यांना टोचे पडले, आतून चिवचिव ऐकू आली, मी खुशीत झोपायला गेलो. पहाटे बॅटरी मारली तर भिंतीवरून लाल मुंग्यांची बोटभर रुंद रांग थेट टोपलीत. अर्धवट फुटलेल्या अंड्यांतला ओलावा त्यांना बोलावून घेतो. पाच पिल्लं कवचातच गेली. कोंबडी मुंग्यांना टोचत होती, पण जागची हलली नव्हती. तेव्हापासून टोपली चार विटांवर ठेवतो, प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत, आणि भिंतीपासून हातभर लांब. सतराव्या दिवसापासून ताटल्यांतलं पाणी रोज बघतो.

कोंबडीला अंधार पडल्यावर बसवा. रात्री हलवलेली कोंबडी सकाळी नवी जागा आपली मानते, दिवसा हलवली तर जुन्या जागेकडे पळते. हिशेबही सोपा राहतो : सोमवारी संध्याकाळी बसवली तर तीन आठवड्यांनी सोमवारच्या आसपासच पिल्लं. सगळी अंडी एकाच वेळी ठेवा. दोन दिवसांनी आणखी चार सारलीत तर आधीची पिल्लं निघाल्यावर कोंबडी उठते आणि ती चार वाया जातात. दुसऱ्या कोंबड्या तिच्या टोपलीत चोरून अंडी घालतात, तारीख टाकली असेल तर उपरं अंडं लगेच कळतं.

यानंतर हात आवरायचे. रोज एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, ती पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते आणि मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. तेवढ्यानं अंडी बिघडत नाहीत. ज्वारी-बाजरीचे अख्खे दाणे आणि पाणी टोपलीपासून थोडं लांब ठेवा, म्हणजे ती उठेल आणि घाण बाहेर करेल. काही इमानी कोंबड्या उठतच नाहीत, उपाशी वाळत जातात. अशीला दिवसातून एकदा दोन्ही हातांनी उचला, पण आधी पंखांखाली बघा, अंडं अडकलेलं असलं तर पडून फुटतं. अंडी फिरवायची काळजी तुमची नाही, ती दिवसरात्र चोचीनं फिरवत असते.

सातव्या रात्री मात्र एकदा तपासणी करा. आजी माळवदाच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत अंडं धरायची, आपल्याकडे मोबाइलची बॅटरी आहे. खोलीत अंधार करून अंड्याचं रुंद टोक बॅटरीवर ठेवा. लाल बारीक शिरांचं कोळ्यासारखं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव आहे, ठिपका हलतानाही दिसतो. स्वच्छ पिवळसर उजेड आरपार गेला तर अंडं वांझ. शिरा नाहीत, पण रक्ताची एक गोल कडी दिसली, तर जीव सुरू होऊन मेला. असलं अंडं काढून टाका, पुढे ते सडून फुटतं आणि बाकीची बरबटवतं. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा बघा. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. पिल्लू तोवर डोकं वळवून निघायच्या तयारीत असतं.

वीस-एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव येते आणि कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. कवचाला टोचा पडल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा-पंधरा तास सहज घेतं, कधी पूर्ण दिवस. "अडकलंय बिचारं" म्हणून कवच सोलायला जाऊ नका. कवचाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त असतं, पोटात ओढून घ्यायचा बलक अर्धा बाहेर असतो. सोललेलं पिल्लू बहुधा रक्तस्रावानं मरतं. तोच बलक पुढे दोन-तीन दिवस त्याची शिदोरी, म्हणून निघाल्या निघाल्या दाणा-पाण्याची घाई नको. बाविसाव्या दिवशी रिकामी कवचं काढा, उरलेली अंडी कानाशी धरून ऐका, आवाज नसेल तर टाकून द्या. बारातून नऊ पिल्लं निघाली तर मी त्या फेरीला चांगली म्हणतो.

याच दिवशी रात्री एक गोष्ट साधता येते. कोंबडी एक, पिल्लं चार, असं झालं तर शेजारच्या कोंबडीची त्याच दिवसाची पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवून द्या, सकाळी ती आपलीच मानते. दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसवण्याचा फायदा हाच. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात राज्य शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रातून एक दिवसाची पिल्लं मिळाली तर तीही अशीच खुडूक कोंबडीला देता येतात. बल्बखाली पिल्लं वाढवणाऱ्याची रात्री दोनला वीज गेली की धावपळ उडते. कोंबडीला भारनियमन नसतं.

आता तो महिना, ज्यात खरी पिल्लं जातात. पहिल्या दोन आठवड्यांत घार, कावळा, बोका आणि मुंगूस यांचा मिळून जेवढा उपद्रव, तेवढा कोणत्याच रोगाचा नाही. कोंबडीला पिल्लांसह डालग्याखाली ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन तास, तुम्ही समोर असताना सोडा. मोकळ्या अंगणात सोडण्यापेक्षा तुरीच्या ओळीत किंवा कढीपत्त्याच्या झुडपाजवळ सोडा, घारीची सावली पडली की पिल्लांना लपायला जागा हवी. पाणी पसरट ताटलीत आणि त्यात चार खडे. खोल भांड्यात पिल्लं बुडून मरतात. खायला ज्वारीची किंवा तांदळाची बारीक कणी आणि जमलं तर पिल्लांचं तयार खाद्य, कारण नुसत्या धान्यानं पंख लवकर फुटत नाहीत. फुकटातली तोड म्हणजे वाळवी. मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचा तुकडा आणि वाळका पालापाचोळा भरून वारुळाजवळ रात्रभर पालथं ठेवायचं, सकाळी पिल्लांपुढे झटकायचं.

रोगांत पहिली भीती मानमोडीची, म्हणजेच राणीखेतची. हिरवट हगवण, धाप, मान पिरगळणे आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. औषध नाही, लसच. लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची लस. देवीच्या लसीचं त्याच भेटीत पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. अडचण अशी की लशीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून आणलीच जात नाही. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर एक बाटली सगळ्यांना पुरते. ती बर्फाच्या डब्यातून आणायची, खिशातून नाही.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून काय किंवा दुसऱ्या कुठल्याही आठवडी बाजारातून काय, नवी कोंबडी आणलीत तर दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, पिल्लांजवळ तर सोडूच नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा तो आपल्यापासून लांब वाटला होता. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात पोहोचला. एकाएकी चार-पाच कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर फेकू नका, कापून खाऊही नका, पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवा.

बदकाची किंवा टर्कीची अंडीही कोंबडी उबवते, पण त्यांना २८ दिवस लागतात. अंडी मोठी म्हणून सहा-सातच ठेवा आणि त्या जादा आठवड्यात तिच्या खाण्याकडे लक्ष द्या. खुलताबाद-कन्नडच्या डोंगराकडे शेतात मोराची अंडी सापडतात आणि ती कोंबडीखाली ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मोराला संरक्षण आहे. अंडी तिथेच राहू द्या, नांगर वळवून घ्या, नाहीतर वन विभागाला १९२६ वर फोन करा.

एक प्रश्न उरतो. पिल्लं नको असतील, अंडीच हवी असतील आणि कोंबडी खुडूक झाली तर? तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात. हे सगळं क्रूर आणि बिनकामाचं. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, भुसा-गवत न घालता, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी भरपूर द्या. पोटाखाली गार हवा लागली की तिचं खूळ उतरतं.

आणि जिनं पिल्लं काढली, ती पाच-सहा आठवड्यांनी एक दिवस स्वतःच त्यांना टोचून तोडते. लहान पोरं रडतात, "आई मारतेय." मारू द्या. त्या संध्याकाळी ती पिल्लांना खाली सोडून एकटीच दांडीवर चढते. थोड्याच दिवसांत तिचा तुरा पुन्हा लाल होतो आणि ती घरभर ओरडत घरट्याची जागा शोधू लागते. पहिलं अंडं दिलं की त्यावर तारीख टाका.